मदत हवी आहे: कलम १२७ ची नोटीस देऊनही आरक्षण उठत नाही

नमस्कार मंडळी. आमच्या वडिलोपार्जित १४ गुंठ्यांवर नगरपरिषदेच्या विकास आराखड्यात क्रीडांगणाचं आरक्षण आहे. आराखडा मंजूर होऊन १० वर्षं कधीच उलटली, क्रीडांगणाचा पत्ता नाही. (गल्लीतली पोरं क्रिकेट खेळतात, तेवढंच.) म्हणून १९६६ च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायद्याच्या कलम १२७ खाली सातबारा, मोजणी नकाशा जोडून ‘जमीन संपादन करा, नाहीतर आरक्षण सोडा’ अशी नोटीस दिली. २०१५ च्या दुरुस्तीतली, संपादनासाठीची २४ महिन्यांची मुदतही संपली. तेवढ्या काळात नगरपरिषदेने केलं काय, तर संपादनाचा प्रस्ताव पाठवायचा ठराव, आणि आम्हाला ‘टीडीआर (जमिनीच्या बदल्यात पैशांऐवजी मिळणारा, दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्या’ असं पत्र. आमच्या गावात टीडीआर विकत घेणार कोण!

सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या गिरनार ट्रेडर्स निकालानुसार नुसता ठराव म्हणजे संपादनाचं पाऊल नव्हे, असं मला समजलंय. मग आरक्षण व्यपगत (म्हणजे मुदत संपून आपोआप रद्द) झालं ना? पण बांधकाम परवानगी मागितली की ‘आधी राजपत्र आणा’.

आरक्षण संपल्याचं राजपत्रात जाहीर करणाऱ्या, कलम १२७(२) च्या आदेशासाठी अर्ज नेमका कुठे करायचा, नगररचनेच्या जिल्हा कार्यालयात की थेट नगरविकास विभागात? की सरळ उच्च न्यायालयात रिट? कुणी यातून गेलं असेल तर किती महिने लागले तेही सांगा, प्लीज. वकीलसाहेब दर वेळी वेगळंच सांगतात.