ताणावर धरलेलं डाळिंब आणि मिलिव्होल्ट

झाडाला वायरी जोडून त्यातल्या विद्युत संदेशांवरून पाण्याचा ताण ओळखायचा, यावर कुणी म्हणालं की ही 'निव्वळ धूळफेक' आहे. ते मत पटलं नाही. व्हीनस फ्लायट्रॅप या किडे पकडणाऱ्या वनस्पतीच्या पानातला विद्युत संदेश ब्रिटिश शास्त्रज्ञ बर्डन-सँडरसन यांनी १८७३ मध्येच मोजला होता, आणि लाजाळूवरचं जगदीशचंद्र बोसांचं काम तर आपल्याकडचंच. संदेश खरा आहे, भानगड मोजण्यात आहे. सगळा खेळ मिलिव्होल्टचा, त्यात पंपाच्या वायरिंगचा ५० हर्ट्झचा गोंगाट मिसळतो. तो गाळता तरी येतो. पण एक इलेक्ट्रोड (संदेश टिपणारी धातूची दांडी) खोडात आणि दुसरा मातीत रोवला, तर सांगोल्याकडच्या मुरमाड रानात एप्रिलमध्ये माती इतकी सुकते की दांडीचा तिच्याशी संपर्कच बिघडतो. आकडा हलतो, झाडाला काही झालेलं नसतं. ड्रिप सोडलं की परत उडी! म्हणून दोन्ही इलेक्ट्रोड झाडावरच लावलेले बरे.

आणि डाळिंबाचं एक कुणी बोललंच नाही. बहार धरताना, म्हणजे झाडाला एकदम फुलं आणताना, आपण मुद्दाम पाणी तोडतो, नंतर इथ्रेल हे पानं गाळणारं औषध मारून पानगळ करतो. 'ताण आला हो' म्हणून बोंबलणारं यंत्र तेव्हा काय कामाचं? ताण पुरेसा बसला, आता पाणी सोडा, एवढं सांगणारं हवं. हलक्या रानात ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत किती थांबायचं यावर दरवर्षी बांधावर वाद होतात. आज तो अंदाज पिवळ्या पानांवरूनच बांधतात. पॉलिहाऊसमधल्या टोमॅटोवर बसवलेला ताणाचा अलार्म इथे जसाच्या तसा चालणार नाही.