ओपन इलेक्टिव्ह कोणता घेऊ? मेजर इतिहास आहे

गिरणीवाली

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एफवायबीएला आहे. मेजर, म्हणजे मुख्य विषय, इतिहास. पुढच्या सत्राचा फॉर्म सोमवारी दुपारपर्यंत द्यायचाय. ओपन इलेक्टिव्हच्या (मुख्य विषयाबाहेरच्या पेपरच्या) यादीत मला दोनच विषय कामाचे वाटतायत: 'वैयक्तिक अर्थनियोजन' आणि 'रुग्णालय व्यवस्थापनाची ओळख'. दोन्ही दोन-दोन क्रेडिटचे, घ्यायचा एकच. स्किलच्या रकान्यात 'करिअर कौशल्ये' आहे. त्यात काय असतं विचारलं तर सिनियर मुली म्हणतात, "पीपीटी करायची असते." बास.

बाबांची पिठाची गिरणी आहे. त्यांचं म्हणणं, इतिहासानं पोट भरत नाही, निदान हॉस्पिटलचा एखादा कागद हाताशी असू दे. माझं कारण वेगळं. मार्चमध्ये आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. विमा ३ लाखांचा, बिल १,२०,४०० रुपये, तरी सोडताना ३६,४०० भरायला लावले. का, ते काउंटरवर कुणी धड सांगितलं नाही. जनरल वॉर्ड भरलेला म्हणून ४५०० ची खोली दिली होती, चार दिवस. काकांकडून पैसे आणले तेव्हा कुठे आईला घरी नेता आलं. ते बिल अजून माझ्या वहीत आहे.

हा पेपर घेतला तर पुढे हॉस्पिटलात काही होईल का? का इतिहास घेऊन मी आधीच चुकलेय?

बिलिंग_ताई

चुकली नाहीस. मीपण बीए इतिहास. गेली अकरा वर्षं हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या टेबलावर बसते. म्हणजे ज्या काउंटरवर तुझ्या बाबांना उत्तर मिळालं नाही, तसल्याच काउंटरच्या आतल्या बाजूला.

आधी ते बिल काढ. पॉलिसीत बघ, 'रूम रेंट विमा रकमेच्या १ टक्का' असं असणार. ३ लाखांचा १ टक्का म्हणजे दिवसाला ३०००. तुम्ही राहिलात ४५०० च्या खोलीत. मग कंपनी फक्त वरचे दीड हजार कापून थांबत नाही. ३००० भागिले ४५००, म्हणजे दोन तृतीयांश, हाच हिशोब सर्जन, भूल, ओटी (ऑपरेशन थिएटर), नर्सिंग सगळ्याला लावते. औषधं आणि तपासण्या तेवढ्या सुटतात. आता तुझे आकडे जुळतात का बघ: खोलीचे १८,००० चे १२,००० झाले. ऑपरेशनचे धरून ८४,००० असतील तर त्यांचे ५६,०००. औषधं-तपासण्या १६,००० पूर्ण मंजूर. राहिले २४०० हातमोजे वगैरेंचे, ते कंपन्या देत नाहीत. कापले किती? ६,००० अधिक २८,००० अधिक २,४००, म्हणजे तुमचे ३६,४००.

अ‍ॅडमिशनच्या वेळी एका माणसानं "ही खोली तुमच्या पॉलिसीत बसत नाही" एवढं सांगितलं असतं तर काकांकडे जावं लागलं नसतं. आमच्याकडे नवीन आलेल्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते. मॅनेजमेंट शिकून आलेल्यांनाही.

आता इतिहासाचं. गेल्या पावसाळ्यात एका पेशंटचा क्लेम अडकला. अ‍ॅडमिशन शीटवर इंटर्ननं लिहिलेलं, 'दहा वर्षांपासून बीपी'. पॉलिसी चार महिन्यांची. कंपनी म्हणाली, आधीचा आजार लपवलात. बायको रडकुंडीला आली, "अहो, दहा दिवस म्हणाले होते ते." मी केस पेपर पहिल्या पानापासून लावत गेले. कोणी लिहिलं, किती वाजता, कुणाचं ऐकून. नर्सच्या नोंदीत 'दहा दिवस' होतं, ती शीटच्या आधी वीस मिनिटं लिहिलेली. गावातल्या डॉक्टरची पहिली चिठ्ठी नऊ दिवसांपूर्वीची. तिन्ही कागद जोडून पाठवले, डॉक्टरांची सही-शिक्का घेऊन. पास झाला. हे मला बिलिंगच्या कोर्सनं शिकवलं नाही, मागाहून लिहिलेली बखर आणि त्याच वेळचं अस्सल पत्र यांतला फरक घोकून घेणाऱ्या आमच्या बाईंनी शिकवलं.

पेपर कोणताही घे. दोन क्रेडिट म्हणजे ३० तास. तेवढ्यावर कुणी नोकरी देत नाही. तिसऱ्या वर्षी ओजेटी (प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) असेल, ४ क्रेडिटची, ती मात्र वाया घालवू नकोस. हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्डमध्ये किंवा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राच्या (हॉस्पिटलात योजनेच्या पेशंटना मदत करणाऱ्याच्या) टेबलाशेजारी बसायला मिळालं तर बघ.

सीएचबी_मास्तर

मी इतिहासच शिकवतो, तासिका तत्त्वावर, त्यामुळे आतली गोष्ट सांगतो. यादीतलं विषयाचं नाव बघू नकोस, शिकवणार कोण ते विचार. ज्यांचा वर्कलोड कमी पडतो त्यांच्या गळ्यात असले पेपर पडतात. आमच्या इथे रुग्णालय व्यवस्थापन मागच्या वर्षी भूगोलाच्या सरांकडे होतं. बिचारे आदल्या रात्री व्हिडिओ बघून यायचे. अर्थनियोजन कॉमर्सच्या शिक्षकांकडे असेल तर डोळे झाकून तेच घे.

आणि बाबांना सांग, इतिहासात मोडी लिपी असते, जुनी कागदपत्रं जिच्यात आहेत ती. २०२३ मध्ये मराठा-कुणबी दाखल्यांच्या न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा तहसिलांमध्ये मोडी वाचणारा माणूस मिळेना. माझे दोन विद्यार्थी तेव्हा जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं वाचायला बसले होते. सुरुवातीला 'र' आणि 'ल'वर अडायचे, पंधरा दिवसांत हात बसला. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, चौकशी कर.

सुट्टे_पैसे

थोडक्यात लिहितो, बसमध्ये आहे. 'करिअर कौशल्ये' घे नाहीतर सोड, पण मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा दे. मराठी लिपिक-टंकलेखकाला मिनिटाला ३० शब्द लागतातच. अर्थनियोजनाची गोडी लागली तर एनआयएसएम या शेअरबाजार-प्रशिक्षण संस्थेची म्युच्युअल फंड वितरकाची परीक्षा आहे: १०० प्रश्न, २ तास, ५० टक्क्यांना पास, प्रमाणपत्र ३ वर्षं चालतं. पण ते मिळालं म्हणून लोकांना सल्ले देत सुटायचं नाही. फंड विकणं वेगळं, सल्लागार म्हणून नोंदणी वेगळी.

गिरणीवाली

ताई, बिल काढलं. खोलीचे १८,००० बरोबर. ऑपरेशन, भूल, ओटी, नर्सिंग मिळून ८४,००० च आहेत!! बाबांना वहीवर मांडून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे ३००० च्या खोलीत राहिलो असतो तर?" मी म्हटलं, तर तुम्ही २४०० भरले असते.

सर, अर्थनियोजन कॉमर्सच्या मॅडम घेणार आहेत, विचारून आले. हॉस्पिटलच्या पेपरला 'शिक्षक नंतर कळवू' लिहिलंय.

बिलिंग_ताई

मग झालं की. मॅडमना पहिल्याच आठवड्यात हे बिल दाखव, नाव-पत्ता झाकून. आणि पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीख कधी आहे? त्याआधी एजंटला फोन करून विचार, रूम रेंटची अट नसलेला प्लॅन आहे का. हप्ता थोडा वाढेल. आईचं ऑपरेशन लपवू नका, फॉर्मवर स्पष्ट लिहा, नाहीतर पुढच्या वेळी माझ्यासारखी कुणीतरी वीस मिनिटं आधीची नोंद शोधत बसेल.