जलविमान की उभयचर विमान?

मुलांसाठीचा विमानांवरचा एक लेख मराठीत आणतोय. जमीन आणि पाणी, दोन्हींवर उतरणाऱ्या विमानाला 'उभयचर विमान' लिहिलं, तर पाचवीतली भाची खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खाता खाता म्हणाली, "मामा, उभयचर म्हणजे बेडूक ना?" सोपं म्हणून 'जलविमान' केलं तर चालेल?

– सरसकट नाही. पाण्यावर उतरणारं कुठलंही विमान ते जलविमान. १९१० साली फ्रान्समध्ये आंरी फाब्रनं पाण्यावरून उडवलेलं विमान जलविमानच, पण जमिनीवर त्याचा काही उपयोग नव्हता. अमेरिकी कॅटलिना आधी निव्वळ उडती बोट होती, धडच पाण्यात टेकायचं. पुढे '५ए' प्रकारात कुशीत मुडपून घेता येणारी चाकं बसवली, तेव्हा कुठे ती उभयचर झाली. सगळा फरक चाकांचा.

– आपल्या जिल्ह्यातलाच दाखला देतो. २०१४ साली जुहूहून पवना धरणावर छोटं विमान सुरू झालं होतं. तिथे धावपट्टी, इथे पाणी. नुसतं जलविमान म्हटलंत तर जुहूला काय करणार?

– मला 'उभय'च खटकतं. पाणी, जमीन आणि आकाश, झाले की तीन! 'त्रिचर' म्हणा.

– अहो, आकाश 'विमान' शब्दातच आलं, पुन्हा कशाला मोजता? उलट आपला शब्द इंग्रजी 'अँफिबियन'च्या मूळ ग्रीक शब्दापेक्षा इथे जास्त चपखल बसतो. तिकडे 'बिओस' म्हणजे जीवन, दोन्हीकडे जगणारा तो. आपल्याकडे 'चर' म्हणजे हिंडणारा. विमान जगत नाही, हिंडतं. जलचर, भूचर, खेचर अशी ओळ आहेच. (खेचरातला 'खे' म्हणजे आकाशात, समासातही सप्तमी तशीच राहिलेली. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांच्यामुळे हा शब्द निदान कानावरून तरी गेलेला असतो.) बेडकाची मक्तेदारी शाळेच्या पुस्तकापुरती.

– पटलं. 'उभयचर विमान'च ठेवतो, पहिल्या उल्लेखापाशी चाकांचं एक वाक्य घालतो. लेखात आग विझवणारं कॅनडाचं सीएल-४१५ पण आहे. तळ्यावर न थांबता, पाण्याला घासत जाऊन बाराएक सेकंदांत सहा हजार लिटर पाणी पोटात भरून घेतं. भाचीला हे वाचून दाखवलं. म्हणाली, "मग खंड्या म्हणा ना!"