'साठी – आईला सांगू नका' ग्रुप

ताई: सोमवारपासून विचारतेय. निळ्या टिका सगळ्यांच्या, उत्तर एकाचंही नाही. आईला परफ्यूम कुठला घ्यायचा, ब्लॅक ओपियम की ला वी ए बेल?

नानाकाका: हिना अत्तर घ्या. थंडीत हिना, उन्हाळ्यात खस.

वहिनी: ताई, तुम्हीच ठरवा. दिवाळीत पैठणी मी निवडली, तर रंगावरून सगळ्यांनी ऐकवलंच होतं. या वेळी मी गप्प.

दादा: तो विषय इथे नको. दुबई विमानतळावर आहे, दोन तासांत बोर्डिंग. ताई, दोघांत फरक काय ते सांग.

ताई: परवा मॉलमध्ये दोन्ही मनगटांवर लावून घरी आले. कागदी पट्टीवर कळत नाही, अंगावर वास बदलतो. डावीकडे ओपियम. आधी कडक कॉफी, मागून व्हॅनिला. उजवीकडे ला वी. आयरिस, पॅचुली आणि प्रलीन, म्हणजे साखरेच्या पाकातले बदाम. सकाळी शालीच्या काठाला ला वीचा वास अजून होता.

आत्या: ओपियम म्हणजे अफू ना? साठीला अफू द्यायची?

छोटू: आत्या, नुसतं नाव आहे 😂 2014 पासून उघड विकतात.

आत्या: नाव तरी बघावं माणसानं.

दादा: दुसऱ्याच्या नावाचा अर्थ 'आयुष्य सुंदर आहे'.

आत्या: मग झालं की!

ताई: आत्या, नावावर नाही घ्यायचं. आईचं कॉफीच्या वासानंही डोकं दुखतं, म्हणून मला ला वी वाटतंय.

छोटू: फार गोड आहे गं ते. मे महिन्यात ऑफिसच्या लिफ्टमध्ये कुणीतरी मारून आलं होतं, मी गुदमरलो.

ताई: मे महिन्यात गुदमरशीलच. उकाड्यात सगळा गोडवा एकदम अंगावर येतो. जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहावर उतरतो, तेव्हा तोच वास हळूहळू सुटतो. दोन फवारे, स्वेटरच्या आत. बास.

नानाकाका: तेच म्हणतोय. थंडीत हिना.

छोटू: काका, तिसऱ्यांदा पाठवू नका आता 🙏

वहिनी: त्यांचं चूक नाही. बाबांनी आणलेली हिनाची कुपी आईंच्या कपाटात आहे. कधीच संपलीय, तरी साड्यांच्या घडीत ठेवतात. मागच्या महिन्यात साड्या उन्हात घातल्या तेव्हा परत तिथेच ठेवायला लावली मला.

ताई: वहिनी, हे मला माहीत नव्हतं.

नानाकाका: तुमच्या बाबांनी ती लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत घेतली होती. मी बरोबर होतो.

ताई: काका, मग हिना तुम्ही आणा. वहिनी, कुपी भरून ठेवाल का? दादा, ला वी घे. 50 मिली.

दादा: 50 नाही इथे. 30 किंवा 100.

आत्या: 30 च घे. वर्गणी दोघांचीच आलीय.

वहिनी: माझी सोमवारीच पाठवली होती, आत्या.