पातीच्या कांद्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग, ही कोणती माशी?

गच्चीवरचा_सांभार:
नागपूरच्या त्रिमूर्तीनगरला राहते. गच्चीवर ग्रो-बॅगमध्ये पातीचा कांदा आहे, आणि हौस म्हणून थोडा लीक (कांद्याचाच जाड पातीचा भाऊबंद) लावला. थंडी ओसरली तसे पातीच्या शेंड्याकडे बारीक पांढरे ठिपके दिसू लागले, रांगेत. आता काही पानांत आतल्या आत वेडीवाकडी पांढरी रेघ जाऊन राहिली. नेटवर फायटोमायझा जिम्नोस्टोमा नावाची माशी सापडली, फोटो अगदी जुळतात. शेजारच्या काकांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. ते म्हणतात, "आमच्या संत्र्यावरची नागअळीच आहे ही, फवारा मार न् मोकळी हो." पात रोज झुणक्यात पडते, म्हणून फवाऱ्याला मन होत नाही. खरं कोणाचं?

निवृत्त_कृषीसहायक:
ताई, बहुतेक दोन्ही नाही.
काकांची नागअळी म्हणजे पतंगाची अळी. ती संत्र्या-लिंबाच्या कोवळ्या पालवीत शिरते, पान वळून आकसते. कांद्याशी तिचं काही देणंघेणं नाही. तुमच्याकडे माशीची अळी दिसते. पान उन्हात धरा, रेघेच्या टोकाशी अळी असेल. तिला डोकंही नसते, पायही नसतात.
नेटवरची माशी मूळ युरोपातली. 1858 मध्ये पोलंडमधून तिचं वर्णन झालं, अमेरिकेत ती 2015 मध्ये पेनसिल्व्हेनियात सापडली. तिच्या वर्षाला दोनच पिढ्या, मधला उन्हाळा ती कोशातच काढते. फोटो जुळले ते ठिपक्यांमुळे. पण तिचे न् आपल्याकडच्या पान पोखरणाऱ्या माशीचे ठिपके सारखेच! मादी पान टोचते न् रस पिते, त्याच्या त्या खुणा. ठिपक्यांवरून माशी ठरवू नका.
आपल्याकडे संशय घ्यायचा तो लिरिओमायझा ट्रायफोली या माशीचा. ही अमेरिकेकडून आलेली, भारतात 1990 च्या सुमारास दिसू लागली. टोमॅटो, बरबटी (चवळी), एरंडी, झेंडू, काहीच सोडत नाही. शेजारच्या कुंडीत टोमॅटो असेल तर त्याच्या पानावर नागमोडी रेघा आहेत का पाहा.
पक्कं करायचं तर रेघवालं पान पारदर्शक डब्यात टिश्यू पेपरवर ठेवा, तोंडाला मलमल बांधा. अळी बहुधा पानाबाहेर पडून कोश करते, कांद्यावर कधी पातीलाच चिकटते. आठ-दहा दिवसांत माशी निघते. भिंगातून पाठीवर पाहा, दोन पंखांच्या बुडाशी मधोमध ठळक पिवळा ठिपका असला तर लिरिओमायझा. ती युरोपवाली मोठी न् पाठीवर राखाडी असते. तिची अळी पोखरत बुडाशी उतरते, कोश पातींच्या थरांतच राहतो. म्हणून एखादा लीक उपटून उभा चिरूनही पाहा.

महालातली_बाग:
माझ्या पातीवर रेघ नाही, नुसते चंदेरी पट्टे न् काळे बारीक कण. तीच का?

निवृत्त_कृषीसहायक:
नाही जी, ते फुलकिडे. पातीच्या बेचक्यात फाकवून पाहा, पिवळसर पिल्लं पळताना दिसतील. ते वरून खरवडतात, आत बोगदा करत नाहीत. कांद्याला खरा त्रास यांचाच जास्त.

गच्चीवरचा_सांभार:
टोमॅटोवर रेघा आहेतच, माझं लक्षच तिकडे नव्हतं. लीक चिरला, बुडाशी काही नाही. डब्यात इवल्या माश्या निघाल्या, पाठीवर पिवळा ठिपका आहे! पण सोबत एक हिरवट-काळी, चकाकणारी, माशीहूनही बारीक चीज निघाली. ती कोण?

निवृत्त_कृषीसहायक:
वा! ती परजीवी गांधीलमाशी. पान पोखरणाऱ्या अळीजवळ अंडं घालते, तिची पिल्लं अळीला खातात. फवारा मारला की आधी हीच मरते, न् मग पोखरणारी अळी दुपटीनं वाढते. काकांना हे सांगा. माश्या मारा, हिला टोमॅटोपाशी सोडा. जास्त रेघांची पानं खुडून पिशवीत बांधून उन्हात टाका, कंपोस्टात नको. पिवळे चिकट कार्ड एखादंच लावा, त्याला ही बिचारी पण चिकटते. कमी रेघांची पात धुवा, रेघेचा तुकडा काढा न् खुशाल झुणक्यात घाला.