शेजारणीचा मुलगा रोज माझ्याकडे असतो, पैसे मागू का?

घोडबंदरची_आई:
आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीला राहतो. मुलगी झाल्यावर मी जॉब सोडला, माझ्या मर्जीने. वरच्या मजल्यावरची मैत्रीण नवी मुंबईत ऐरोलीला आयटीत आहे, मुलगा पहिलीत. त्याच्या पाळणाघराच्या काकूंनी काम बंद केलं तेव्हा म्हणाली "तू घरीच असतेस ना, थोडे दिवस बघशील?" ते आता रोजचंच झालंय, व्हॅनमधून उतरला की दप्तर माझ्या सोफ्यावर, मग जेवण, होमवर्क, परवा ताप आला तर डॉक्टरकडे पण मीच नेलं. पैशाचं काढलं की नवरा म्हणतो शेजारधर्म असतो, सासूबाई म्हणतात तुला एवीतेवी घरात काय काम असतं. मागू का? वाईटपणा येईल का?

वाशीची_वाघीण:
बिनधास्त माग. पाळणाघरवाले फुकट ठेवतात का? वर उशीर झाला की एक्स्ट्रा लावतात ते वेगळंच.

ट्रान्सहार्बर:
मी तुमच्या मैत्रिणीच्या जागी आहे (तीच नाही हां 😄). ऑफिसातून निघताना उशीर झाला, लोकल रखडली आणि पुढे घोडबंदरचा ट्रॅफिक लागला की पोटात गोळा येतो. हळदीकुंकवाला गेलं की "मूल दुसऱ्याच्या दारात टाकून कसली ती नोकरी" हे ऐकायचं, आणि ऐकवणाऱ्या तुमच्या सासूबाईंच्याच वयाच्या. पैशाचं विचारायला भीती वाटते हो, समोरची म्हणाली "मला बाई समजलीस का" तर? त्यामुळे गप्प बसली असेल. बाकी मुलाचा बाप कुठे आहे या सगळ्यात? त्याचा नंबर तरी आहे का तुमच्याकडे?

नियमात_बसतं_का:
2017 च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीपासून 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर कंपनीला पाळणाघराची सोय करावी लागते. तिने एचआरला विचारावं.

ट्रान्सहार्बर:
दादा, शाळा सुटल्यावर त्या पोराला घोडबंदरहून ऐरोलीला कोण आणून सोडणार, तुम्ही?

नियमात_बसतं_का:
बरं, ते राहिलं 🙏 पण सासूबाईंना हे सांगा, 2019 च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेत बिनपगारी घरकामाला बायकांची दिवसाला सरासरी 299 मिनिटं निघाली, पुरुषांची 97. तीही जे पुरुष करतात त्यांचीच.

घोडबंदरची_आई:
नंबर खरंच नाहीये त्याचा 😂 शनिवारी दोघांनाही चहाला बोलावते, एकटीला नाही. आकडा काय सांगू, जेवण धरून?

वाशीची_वाघीण:
जेवण वेगळं लाव. आणि मे महिन्याच्या सुट्टीचं आत्ताच बोलून घे, तेव्हा दिवसभर असेल तो.