खोकला, घसा, छाती : किती थांबलात आणि शेवटी कशामुळे दवाखान्यात गेलात? इंदूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

मी राजेंद्रनगरला राहते. हा धागा बाबांमुळे काढतेय. गणपतीचे दिवस होते, दुपारी सगळ्यांची पंगत झाली, मोदक पुरणपोळी सगळं व्यवस्थित जेवले आणि चारच्या सुमारास म्हणाले घसा आवळल्यासारखा वाटतोय, छातीवर कोणीतरी पाट ठेवलाय असं. आम्ही काय केलं तर ओवा दिला, मग हिंगाचं पाणी, मग काकांनी सोडा आणून दिला, एक ढेकर आली तर सगळे खूश की चला गॅसच होता. बाबांना शुगर आहे १८ वर्षांपासून. घाम येत होता पण भाद्रपदातला उकाडा होता, तर घामाचं काय विशेष. दुखत नव्हतं, हे महत्त्वाचं, ते शेवटपर्यंत हेच म्हणत होते की दुखत नाहीये, नुसतं दाटून आल्यासारखं आहे, खालच्या जबड्यात ठणकतंय. रात्री साडेआठला उलटी झाली तेव्हा उठलो. ईसीजी काढला तर हार्ट अटॅक, आणि तोही साडेचार तास जुना. अँजिओप्लास्टी झाली, वाचले, पण हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आलं आणि आता जिना चढताना मध्ये थांबतात. डॉक्टर नंतर म्हणाले की शुगरवाल्यांना छातीत कळ येईलच असं नाही, नसांवर परिणाम झालेला असतो, घसा जबडा पाठ डावा हात कुठेही जाणवतं आणि नुसतं गॅससारखंच वाटतं.

त्या साडेचार तासांबद्दल मी रोज विचार करते. म्हणून विचारतेय, तुम्ही मधल्या वेळात स्वतःला काय सांगत होतात ते पण लिहा. औषधांची नावं नको, कळलं कसं ते लिहा.

•

रामबाग. मी २४ वर्षांची असतानाची गोष्ट, आत्ता दोन वर्षं झाली. बँकेच्या परीक्षेसाठी भंवरकुआंला कोचिंगला जात होते, बंद खोलीत साठ-सत्तर मुलं. खोकला लागला दसऱ्यानंतर, आई म्हणाली हवा बदलतेय. दोन आठवडे झाले, म्हटलं धूळ. मग कॉलनीतल्या डॉक्टरकडून अँटिबायोटिक, पाच दिवस जरा बरं, परत सुरू, मग दुसरं अँटिबायोटिक, मग तिसरं. तिसऱ्याने खरंच बरं वाटलं होतं आणि मी सगळ्यांना सांगितलं की झालं. नंतर टीबीच्या डॉक्टरांनी सांगितलं की काही अँटिबायोटिक अशी असतात की टीबीला थोडी दाबतात, बरं करत नाहीत, नुसतं निदान पुढे ढकललं जातं. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, रात्री कुर्ता ओला व्हायचा, वजन ५१ वरून ४४, तर मैत्रिणी म्हणायच्या काय छान बारीक झालीस. पाचव्या आठवड्यात बेडक्यात रक्ताची एक रेघ दिसली. तेवढी एक रेघ नसती तर मी अजून महिनाभर फिरले असते.

एमआरटीबीला, म्हणजे इथल्या सरकारी टीबी हॉस्पिटलला गेलो, दोन वेळचा बेडका दिला, मशीनवर तपासणी झाली, त्यात टीबी आहे का आणि नेहमीचं मुख्य औषध लागू पडेल का हे दोन्ही कळतं. सहा महिने गोळ्या. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. लघवी केशरी होते, पहिल्या दिवशी मी घाबरून रडले होते, कोणी आधी सांगितलंच नव्हतं, तर सांगतेय, ते औषधाचा रंग असतो. तपासणी औषधं सगळं फुकट, शिवाय खाण्यासाठी महिन्याला पैसे खात्यात येतात, आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत. दीड महिन्यात इतकं बरं वाटायला लागलं की सोडाव्याशा वाटल्या, सोडल्या नाहीत.

मावशीने आईला सांगितलं होतं कुठे बोलू नका, मुलीचं लग्न व्हायचंय. मी मुद्दाम लिहितेय.

•

वरच्या ताईंना विचारायचं होतं, घरात बाकी कोणाला झाला का? आमच्या शेजारी एकांना निघालाय आणि घरात लहान बाळ आहे.

•

रामबाग परत. नाही झाला. पण घरातल्या सगळ्यांना बोलावून विचारपूस केली, एक्सरे काढले, भाच्याला (तेव्हा ४ वर्षांचा) आजार नव्हता तरी होऊ नये म्हणून औषध दिलं. लहान बाळ असेल तर त्यांना नक्की सांगा, वाट नका बघू. हेल्पलाइन पण आहे १८००-११-६६६६. आणि ताटवाटी वेगळी करायची काही गरज नसते, तो हवेतून पसरतो, खिडक्या उघड्या ठेवा, खोकताना तोंडावर कापड.

•

तिलकनगरची आई. आमचा मुलगा तेव्हा दीड वर्षाचा. संक्रांतीला घरी पाहुणे, खाली शेंगदाणे सांडलेले, तो रांगत होता. अचानक जोराचा ठसका लागला, तोंड लाल, डोळ्यात पाणी, मिनिटभर खोकला आणि मग एकदम शांत, हसायला लागला. आम्ही म्हटलं गेलं खाली पोटात. तिसऱ्या दिवशी खोकला आणि ताप, सर्दी म्हणून औषध, आठ दिवसांनी पुन्हा तेच, मग न्यूमोनिया म्हणाले, मग बालदमा असेल म्हणाले आणि वाफ देऊन राहिलो होतो आम्ही घरात मशीन आणून. जवळजवळ पाच आठवडे. एका डॉक्टरांनी दोन्ही बाजूंनी बराच वेळ छाती ऐकली आणि म्हणाल्या की उजवीकडे हवा कमी जातेय, शिट्टी एकाच बाजूला आहे, ह्याला कधी काही खाताना ठसका लागला होता का? एवढ्या दिवसात पहिल्यांदा कोणी विचारलं, आणि आम्हीसुद्धा कोणाला सांगितलं नव्हतं कारण आमच्या डोक्यात ती गोष्ट त्याच दिवशी संपली होती. एक्सरेत शेंगदाणा दिसत नाही, हे पण तेव्हा कळलं. भूल देऊन दुर्बिणीने अर्धा दाणा काढला. त्याच रात्री खोकला थांबला. आमच्याकडे आता पाच वर्षांच्या आतल्या कोणालाही अख्खे दाणे, फुटाणे देत नाही, कूट करून द्या.

•

मी लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर होते, रिटायर झाले, लोकमान्यनगरला असते. वरचं वाचून लिहावंसं वाटलं. आपल्याकडे म्हणतात ना मुलाची पसली चालतेय, म्हणजे धाप लागलीय, तर ती बघायची कशी ते सांगते कारण आया विचारतात ताप किती, कफ कुठल्या रंगाचा, आणि श्वास कोणी मोजत नाही. मूल शांत असताना, झोपलेलं असेल तर उत्तम, झबलं वर करायचं आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोट मोजायचं, अर्धा मिनिट मोजून दुप्पट नाही करायचं कारण मुलांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद आहे, त्याच दिवशी दाखवायचं. बरगड्यांखालचा भाग श्वास घेताना आत ओढला जात असेल, दूध पीत नसेल, सुस्त पडलं असेल, ओठ निळसर असतील, तर दाखवायचं नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं, रात्र असो काही असो.

आणि खोकल्याचं सिरप मेडिकलवरून आणून देऊ नका. छिंदवाड्याला २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काय झालं ते आपण मध्य प्रदेशातल्यांनी तरी विसरायला नको, साध्या सर्दीखोकल्याला दिलेल्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं, त्याने किडन्या बंद पडल्या, लघवी थांबली आणि लेकरं गेली. दोन वर्षांच्या आत सर्दीखोकल्याचं औषध देऊच नये असं सांगितलेलं आहे, पाचच्या आत पण सहसा नाही. एक वर्षाच्या वरच्याला मध चाटवा, एक वर्षाच्या आत मधही नाही. तिकडे ती मुलं आजारी पडली हे ऐकताना मला आमच्या वॉर्डातल्या कॉट दिसत होत्या.

•

सुदामानगर. माझं छोटंसं. कोरडा खोकला, कफ नाही ताप नाही, घशात केस अडकल्यासारखं खवखवायचं, सात महिने. एक्सरे दोनदा, सगळं नॉर्मल, ॲलर्जीच्या गोळ्या, हळद-दूध, ज्येष्ठमध, गच्चीवरचे कबुतर हाकलले. शेवटी दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो तिथल्या डॉक्टरांनी बीपीच्या गोळीची पट्टी मागितली. रामिप्रिल. म्हणाले ह्या जातीच्या गोळ्यांनी काही जणांना असा खोकला येतो, कधी सुरू केल्यावर लगेच, कधी काही महिन्यांनी. गोळी बदलली, तीन आठवड्यांत खोकला गेला. स्वतःहून बंद करू नका हां, बीपी चढेल, बदलून घ्या. आणि दवाखान्यात जाताना सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, मी तर ती गोळी चालू आहे हे कोणाला सांगतच नव्हतो, रोजची आहे तर काय सांगायचं.

•

मला पण कोरडाच होता पण कारण गोळी नाही, सराफा, आपला रात्रीचा खाऊबाजार. दुकान दहाला बंद करून मित्रांबरोबर सराफ्यात, भुट्ट्याचा किस, थंडीत गराडू, वरून जिलेबी, साडेबाराला घरी आणि लगेच आडवा. पहाटे उबळ यायची, आवाज घोगरा, सारखा घसा साफ करायचो. छातीत जळजळ फार नव्हती त्यामुळे ॲसिड वर येतंय हे डोक्यातच आलं नाही. जेवण आणि झोप ह्यात तीन तास, पलंगाचा डोक्याकडचा भाग विटा लावून उचलला, सोबत औषध, दोन महिने लागले. पण आधी घशात दुर्बीण घालून बाकी काही नाही ना हे बघून घेतलं होतं डॉक्टरांनी. दमा असलेल्यांनी रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्याला जाऊ नये हे पण सांगून ठेवतो, गुलालाच्या तोफांखाली माझ्या भावाला तिथेच दम्याचा अटॅक आला होता, पंप घरी राहिलेला.

•

मी आजी आहे, नातू टाइप करतोय. नारायणबागेत राहायचो, मी नऊ-दहा वर्षांची असेन. घसा भयंकर दुखायचा, थुंकी गिळवत नसे, ताप, मानेत गाठी, पण सर्दी खोकला काही नाही. चार दिवसांत आपोआप बरं झालं. मग दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला, तो उतरला की घोटा, मग कोपर, असं सांध्यासांध्यातून फिरत गेलं. आई म्हणायची वाढीचं दुखणं. पुढे पहिल्या बाळंतपणात दम लागायला लागला तेव्हा कळलं की हृदयाची झडप आवळली आहे, लहानपणच्या त्या घशामुळे. फुग्याने झडप उघडली आणि पुढे कितीतरी वर्षं दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेतलं, कंबरेत, फार दुखायचं. म्हणून सांगते, शाळेतल्या पोराचा घसा असा दुखला, ताप आहे, गिळवत नाही आणि नाक गळत नाही, तर डॉक्टरला दाखवा, आणि त्यांनी दहा दिवसांचं औषध दिलं तर तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून बाटली कपाटात ठेवू नका. प्रत्येक घशाला अँटिबायोटिक लागत नाही, नातू म्हणतोय हे पण लिही. खरं आहे, बहुतेक घसे तसेच बरे होतात.

•

आमच्या मामांचं. बिडी ३० वर्षं. भजनात पहिला आवाज त्यांचा, तो बसला. आवाज बसला म्हणजे गायला जास्त झालं, गुळण्या कर, असं करत चार महिने. दुखत नव्हतं ना काही. घशात दुर्बीण घातली तर स्वरयंत्रावर छोटी गाठ, तुकडा तपासला, कॅन्सर, पण अगदी सुरुवातीचा. नुसत्या रेडिएशनवर झालं, आवाज थोडा खरखरीत आहे पण आहे. डॉक्टरांचं म्हणणं होतं की तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला राहिला तर कान-नाक-घसावाल्याकडे जायचंच, बिडी-तंबाखू असेल तर दोन दिवस आधी जा.

•

माझं काहीच निघालं नाही, लिहू का? छातीच्या डाव्या बाजूला सुई टोचल्यासारखं, बोटाने दाबलं की तिथेच दुखायचं, रात्री दोनला भावाला उठवून गेलो, ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल, बरगडीच्या कुर्चेला सूज म्हणाले. सगळ्यांची झोपमोड झाली म्हणून वाईट वाटलं.

•

राजेंद्रनगर. दादा वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडे त्या दिवशी कोणाची झोपमोड झाली असती तर बाबा आज न थांबता जिने चढत असते.

•

हा धागा आत्ता वाचला, रात्रीचे पावणेबारा. सासऱ्यांना चार आठवड्यांपासून खोकला आहे, रात्रीच जास्त. झोपले की तासाभरात उठून बसतात, खिडकी उघडायला लावतात, आता तीन उश्या घेऊन टेकून झोपतात. आम्ही दमा समजून राहिलो होतो. पायावर मोज्याचा वळ उमटतो. उद्या सकाळी दाखवायचं ठरलंय.

•

लोकमान्यनगर, सिस्टर. आत्ता दम किती आहे? एक वाक्य पूर्ण बोलतात का मध्ये थांबून? आडवं पडवत नाही, पायाला सूज, हे हृदयाचं पण असू शकतं. बोलताना दम लागत असेल तर सकाळ नको, १०८ ला फोन करा, बसवूनच न्या, आडवं करू नका.

•

नाही बोलता येत पूर्ण. निघतोय.

•

काल लिहायला जमलं नाही. हृदय कमजोर झालंय, फुप्फुसात पाणी भरलं होतं, दमा नव्हताच. ऑक्सिजन लावला, लघवीची इंजेक्शनं दिली, दोन दिवसांत वजन साडेचार किलो कमी झालं, सगळं पाणीच. इको झाला, औषधं सुरू झालीत, रोज सकाळी वजन करून वहीत लिहायला सांगितलंय आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन करायचा. मीठ मोजून. काल रात्री एका उशीवर झोपले, मी दोनदा उठून बघितलं.